जुन्या रेसर सायकलच्या ब्रेक लिव्हरचं रबर बदलताना

डाऊन हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, जुनी रेसर सायकल मराठवाड्यात ठेवली, की उन्हानं पहिल्यांदा तिच्या ब्रेक लिव्हरवरचं रबर जातं. फ्रेम स्टीलची असते, ती पिढ्या काढते. चेन-फ्रीव्हील बदलून मिळतात. पण लिव्हरच्या पाठीवर बसलेलं ते रबरी कव्हर, म्हणजे हूड, परभणी-नांदेडच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात आधी चिकट होतं, मग कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी तळहाताला काळा नाहीतर तपकिरी भुगा लागायला लागतो. बरेच जण तिथं कापडी टेप गुंडाळतात आणि चालवत राहतात. चालतं, पण बरं नव्हे.

कारण हे रबर शोभेचं नाही. डाऊन हँडलवर हात सगळ्यात जास्त वेळ लिव्हरच्या पाठीवरच असतात. संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादचा घाट चढून पाहा: किल्ला मागं पडला की अंग पुढं झुकतं, दोन्ही हात आपसूक हूडवर येतात आणि निम्मं वजन तळहातांवर जातं. तिथं उघडी धातू असेल तर मे महिन्यात चटका बसतो, आणि घाम आला की हात घसरतो. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर हात घसरणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

काम एका सुट्टीच्या दिवसात होतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. नवखी माणसं अडकतात ती दोन ठिकाणी. लिव्हर कोणती हे न बघता रबर मागवतात. आणि ते बसेना झालं की जोर लावतात किंवा तेल लावतात. म्हणून हत्यारांच्या आधी लिव्हरकडे बघू.

लिव्हर कोणती आहे?

१९९० मध्ये शिमानोनं ड्युरा-एस मालिकेत ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, १९९२ मध्ये कंपान्योलोनं आपली अर्गोपॉवर आणली. तुमच्या सायकलीचे गिअर तसे लिव्हरमध्येच असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्यांची रबरं वेगळी आणि चढवायची रीतही वेगळी. इथं बोलतोय ते फक्त ब्रेकच्या लिव्हरबद्दल, जिथं गिअरच्या दांड्या बहुतेक खाली फ्रेमच्या तिरक्या नळीवर असतात.

यातही दोन जाती आहेत. पहिलीत ब्रेकची केबल लिव्हरच्या डोक्यातून वर निघते आणि हँडलच्या पुढं हवेत कमान करून ब्रेककडे जाते. दुसरीत केबल लिव्हरच्या मागून निघून हँडलला चिकटून टेपखाली लपते. तिला एरो म्हणतात आणि ती १९८०च्या दशकात रुळली. पहिल्या जातीच्या रबराला वरच्या बाजूला केबलसाठी भोक असतं, दुसरीच्या रबराला नसतं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, आणि घाईत चुकीचं मागवलं जातं. भोक नसलेल्या रबराला कात्रीनं भोक पाडू नका. ती चीर रबर ताणलं की पुढं पळते आणि महिन्याभरात आरपार जाते.

मग नाव शोधा. ते पात्याच्या (बोटांनी दाबायच्या भागाच्या) पुढच्या तोंडावर किंवा बॉडीच्या (हँडलला बसलेल्या भागाच्या) कडेला कोरलेलं असतं, कधी रबराखाली लपलेलं असतं. बाहेरून आलेल्या जुन्या सायकलींवर स्वित्झर्लंडची वाइनमान, फ्रान्सची माफाक, इटलीची कंपान्योलो किंवा युनिव्हर्सल, जपानची दिया-कॉम्पे किंवा शिमानो यांपैकी काहीतरी निघतं. दिया-कॉम्पेच्या सुरुवातीच्या लिव्हर वाइनमानच्या धर्तीवर बनलेल्या होत्या, म्हणून एकीचं रबर दुसरीला बऱ्याचदा बसतं. कंपान्योलोच्या जुन्या ‘रेकॉर्ड’ नावाच्या लिव्हरच्या घाटणीची नक्कल पुढं अनेकांनी केली, तिथंही असंच. पण ‘बऱ्याचदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे.

नाव पुसलेलं असेल तर मापं घ्या. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) असेल तर उत्तम, नसेल तर शाळेची पट्टी. हँडलपासून लिव्हरच्या खिळीपर्यंतची (पातं जिच्यावर फिरतं ती पिन) लांबी, बॉडीची रुंदी, उंची. बाजूनं, वरून आणि खालून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. विकणाऱ्याला हे पाठवलं की निम्मे घोळ तिथंच मिटतात.

एक गोष्ट बघून ठेवा. १९७०च्या दशकातल्या स्वस्त रेसर सायकलींवर मुख्य लिव्हरला जोडून हँडलच्या आडव्या भागाखाली जाणारी एक जादा दांडी असायची, वरून हात न हलवता ब्रेक दाबता यावा म्हणून. त्या दांडीसाठी लिव्हरची खिळ लांब असते आणि बाजूला बाहेर येते, त्यामुळे पूर्ण रबर तिथं बसतच नाही. दांडी काढायची तर आखूड खिळही लागते. माझं मत विचाराल तर ती काढाच. तिला खेळ असतो, ब्रेक पूर्ण लागायच्या आत ती हँडलला टेकते, आणि घाटात तिच्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही.

रबर मागवताना

इथल्या सायकल दुकानात ही रबरं सहसा मिळत नाहीत. रोडस्टरचे, म्हणजे साध्या उभ्या सायकलीचे, दांडी-ब्रेक आणि पोरांच्या गिअरच्या सायकली यांचा माल भरपूर असतो, डाऊन हँडलचं गिऱ्हाईक कमी. तेव्हा पार्सल मागवणं आलं. फ्रान्सची रुस्तीन्स ही कंपनी आजही जुन्या लिव्हरसाठी रबरं बनवते. केन क्रीक या कंपनीचीही काही लिव्हरना बसतात.

विकणारे ‘जुना, न वापरलेला माल’ म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची मूळ रबरं महागात देतात. दिसायला मोहक असतात, पण नैसर्गिक रबर डब्यातसुद्धा म्हातारं होतं. हवेतला ओझोन, उष्णता आणि उजेड त्याला पोखरतच राहतात, आणि जिथं ते ताणलेलं असतं तिथं भेगा आधी पडतात. चढवतानाच फाटायची भीती मोठी. सायकल प्रदर्शनात उभी करायची असेल तर घ्या, रोज चालवायची असेल तर नवीन बनवलेलं घ्या.

रंगाचाही विचार करा. मधाच्या रंगाचं गम रबर जुन्या सायकलीवर खुलतं यात वाद नाही. पण आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि घाम त्यावर दोन महिन्यांत डाग पाडतात. काळं रबर सोसतं.

सामान

चपटा स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० मिलिमीटरचे पाने, ५ ची ॲलन की, पक्कड, एक धारदार ब्लेड, जुना टूथब्रश, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, भांड्यात गरम पाणी, भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब. हँडलची टेप जुनी असेल तर नवी टेप आणि इनर केबलची (आतल्या तारेची) जोडीही आणून ठेवा. एवढं उघडल्यावर गंजकी केबल परत घालणं म्हणजे काम दोनदा करणं.

केबल घेताना दुकानात उघडून बघा. डाऊन हँडलच्या लिव्हरला लागणाऱ्या केबलच्या टोकाची घुंडी एका बाजूला निमुळती असते; सरळ हँडलच्या लिव्हरची घुंडी आडव्या नळकांड्यासारखी. काही केबलींना दोन टोकांना दोन्ही असतात, नको ती कापायची. आणि गिअरची इनर ब्रेकला कधीही नाही. ती १.२ मिलिमीटरची, ब्रेकची साधारण १.५ ते १.६ ची. दुकानदार “चालतंय की भाऊ, वायर वायरच असतीय” म्हणाला, तरी परत ठेवा.

उघडण्याआधी खुणा

फोटो काढा. कोणती लिव्हर कोणता ब्रेक ओढते ते लिहून ठेवा. आपल्याकडे ब्रिटिश रिवाजानं उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण युरोपातून आलेल्या सायकलींवर बहुधा डाव्या हाताला. परत जोडताना नकळत अदलाबदल झाली, तर अचानक ब्रेक दाबायच्या वेळी हात नेमका चुकतो.

लिव्हर हँडलवर किती उंचीला आहे त्याचीही खूण करा, मास्किंग टेपचा तुकडा लावला तरी पुरे. आधीची जागाच चुकीची वाटत असेल तर जुनी रीत अशी: हँडलच्या खालच्या सरळ भागाला पट्टी टेकवून पुढं न्यायची, लिव्हरचं टोक त्या पट्टीला टेकलं पाहिजे. त्याच्यापेक्षा थोडी वर बऱ्याच जणांना आवडते, कारण हूडवरून चालवणं सोपं जातं. पण दोन्ही लिव्हर एका पातळीत हव्यात.

आता एक निर्णय. रबर मऊ असेल, टेप नवी असेल आणि ती उकलायची इच्छा नसेल, तर लिव्हर हँडलवरच ठेवून पुढून रबर चढवता येतं. टेपचे लिव्हरजवळचे एक-दोन वेढे तेवढे मागं सारायचे. टेप तशीही जुनी झालीय? मग लिव्हर खाली काढा. हातात धरून काम करणं कितीतरी सोपं, आणि लिव्हर हँडलला आवळून धरणारी खालची क्लँप पट्टीही तपासता येते. पहिल्यांदा करणाऱ्यानं काढूनच करावं.

सोडवणं

टेप हँडलच्या वरच्या टोकापासून उकला. जुना गोंद रॉकेलनं निघतो, पण रॉकेलची चिंधी त्या दिवशी नव्या रबराच्या जवळपासही नको.

ब्रेकवर किंवा लिव्हरवर ढील देणारी कळ आहे का बघा. असेल तर उघडा. मग ब्रेकच्या खालच्या टोकाला केबल आवळणारा नट ढिला करा, इनर सोडवा. तिचं टोक विस्कटलं की परत बारीक भोकात जात नाही, म्हणून इनर परत वापरायचीच असेल तर टोकावर सुपरग्लूचा थेंब टाका. लिव्हर पूर्ण दाबून धरा, इनर पुढं ढकला, घुंडी तिच्या खोबणीतून बाहेर येईल. केबल वर निघणाऱ्या जातीत आऊटरही (तारेवरची नळी) डोक्यातून वर ओढून काढायची, कारण ती रबराच्या भोकातून गेलेली असते.

लिव्हर दाबलेलीच ठेवून आत डोकावा. टॉर्च लागेल. आत खोलवर क्लँपचा स्क्रू दिसतो: काहींत चपट्या खाचेचा, जुन्या कंपान्योलोत ८ चा नट, त्याला लांब आणि पातळ भिंतीचा बॉक्स पाना लागतो, नंतरच्या बहुतेकांत ५ ची ॲलन. स्क्रू पूर्ण काढू नका. तो निघाला की आतली चकती, पट्टी, नट सगळं फरशीवर, आणि एखादी चकती हमखास कपाटाखाली जाते. तीन-चार फेरे ढिला केला की पट्टी सैल होते, लिव्हर हलकी हलवत हँडलवरून खाली सरकवा. चपट्या खाचेचा स्क्रू हलत नसेल तर त्याच्या आट्यांवर भेदक (गंज सोडवणाऱ्या) तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर सोडा. स्क्रू ड्रायव्हर घसरवून खाच मोडली की मग लेथवाल्याकडेच जावं लागतं.

जुनं रबर आणि खालची लिव्हर

जुनं रबर कडक झालं असेल तर ओढू नका, ब्लेडनं उभं कापा. ब्लेडची धार बाहेरच्या बाजूला, रबराखाली सरकवून वर उचलत, म्हणजे ॲल्युमिनियमवर ओरखडा येत नाही. कापलेला तुकडा लगेच टाकू नका. नवं रबर नीट बसेपर्यंत कोणती बाजू वर होती, ओठ, म्हणजे पुढची कड, कुठं बसत होता, हे सांगायला तोच साक्षीदार आहे.

खाली चिकट थर उरतो. आधी कोमट साबणपाणी आणि टूथब्रश, मग राहिलेलं आयसोप्रोपिलनं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं ॲसिड लावायचं नाही, धातू काळी पडते आणि झिलई जाते. पॉलिश पात्याला हवं तर करा, पण रबराखालच्या भागाला नको; तिथं गुळगुळीतपणा नकोय.

इथं घाई करू नका. रबर बदलायचं निमित्त आहे, पण लिव्हर अशी उघडी एरवी कधी मिळत नाही. बॉडीवर, विशेषतः खिळीच्या भोकांभोवती आणि क्लँप बसतो त्या कडेला, नखानं जाणवणारी भेग आहे का बघा. बारीक भेग मळामुळे काळ्या केसासारखी दिसते. आढळली तर ती लिव्हर फेकून द्या. वेल्डिंगवाला “करून देतो ना दादा” म्हणाला तरी नाही. क्लँपची पट्टी पोलादी असते, गंजून पातळ झाली असेल तर बदला. खिळीत पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर आतली बुश झिजलीय. थोडा खेळ जुन्या लिव्हरमध्ये असतोच. खिळीला एक थेंब यंत्राचं तेल, दहा-बारा वेळा लिव्हर दाबा, बाहेर आलेलं तेल आयसोप्रोपिलनं पुसून काढा. पूर्ण पुसा. का ते पुढं येतं.

रबर चढवणं

“तेलाचं बोट फिरवा, सट्‌दिशी बसतंय बघा,” असं कुणीही मिस्तरी सांगेल, आणि तो खोटं बोलत नसतो. तेलानं बसतं खरंच. पण नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि लिव्हरवर फिरायला लागतं. खोबरेल, ग्रीस, फवाऱ्याचं भेदक तेल, पेट्रोल सगळी एकाच माळेची. नव्या रबराचा उन्हाळा पुरता निघत नाही.

त्याऐवजी रबर गरम पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं नको, हात जेमतेम सोसवेल इतकं. पाचेक मिनिटांत ते मऊ आणि लवचिक होतं. लिव्हरच्या बॉडीवर आणि रबराच्या आतून आयसोप्रोपिल फिरवा. ते ओलं असेपर्यंत घसरण देतं आणि नंतर उडून जातं, मागं चिकटपणा किंवा तेलकटपणा राहत नाही. साबणपाणीही चालतं, पण ते सुकायला वेळ घेतं आणि तोवर रबर फिरत राहतं. हँड सॅनिटायझरची जेल वापरू नका, तिच्यात ग्लिसरीन असतं.

आता रबराचं मोठं, हँडलकडचं तोंड आधी लिव्हरच्या टोकावर घाला आणि पात्यावरून सरकवत बॉडीपर्यंत आणा. पात्याच्या कडांना ते अडतं. तिथं पात्यावर दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची पट्टी गुंडाळली तर रबर तिच्यावरून सरकतं. बॉडीवर आलं की प्लास्टिक ओढून घ्या. बॉडीवर चढवताना रबराची कड धरून खेचायचं नाही, फाटतं ते तिथंच. ओला मोजा टाचेवर चढवतो तसं: दोन्ही अंगठ्यांनी थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, पोटातून ढकलत. अडलं तर थांबा, परत गरम पाणी, परत आयसोप्रोपिल. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. फारच गरज पडली तर प्लास्टिकच्या चमच्याची दांडी.

केबल वर निघणाऱ्या जातीत रबराचं भोक आणि लिव्हरच्या डोक्यातलं भोक समोरासमोर आलं पाहिजे. ओलं असतानाच फिरवून जुळवा. सुकल्यावर हलत नाही. पुढचा ओठ बॉडीच्या कडेला सगळीकडून बसला का, खालून कुठं दुमडला नाही ना, बोटानं फिरून बघा. दुमडलेला ओठ पात्याच्या मध्ये आला तर ब्रेक सोडल्यावर लिव्हर पूर्ण परत येत नाही. हे वरून दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिव्हर दाबून-सोडून तपासा.

रात्रभर सुकू द्या. सावलीत, गच्चीवर नको.

परत जोडणी

लिव्हर हँडलवर चढवा, खुणेला आणा, रबराची मागची कड उलटी दुमडून वर ठेवा आणि क्लँप आवळा. किती? दोन्ही हातांनी लिव्हर जोरात बाजूला वळवायचा प्रयत्न केला तरी हलू नये इतकं. त्यापुढं नाही, जुन्या पट्टीचे आटे तसेही थकलेले असतात.

केबल घाला. आऊटरची टोकं सरळ कापलेली हवीत, आणि टोकाला टोपी. घुंडी खोबणीत पक्की बसलीय हे ओढून बघा. एरो जातीत आऊटर हँडलला टेपच्या तुकड्यांनी दोन-तीन जागी बांधा, म्हणजे वरून गुंडाळताना ती सरकत नाही. ब्रेक शू रिमवर पूर्ण टेकतात का, टायरला घासत नाहीत ना, ते बघून नट आवळा. मग सायकल उभी असताना लिव्हर पूर्ण ताकदीनं दहा वेळा दाबा. केबल घसरायची असेल तर अंगणात घसरू द्या.

हे सगळं जमल्यावरच टेप. क्लँपच्या पट्टीवर आधी टेपचा एक छोटा तुकडा लावा, नाहीतर तिथं धातू उघडी राहते. हँडलच्या खालच्या टोकापासून वर गुंडाळत या, लिव्हरला वळसा घाला, वर आडव्या भागावर संपवा. मग दुमडलेली रबराची कड टेपवर खाली सोडा. ती टेपवर बसली की दोन्हींची फट झाकली जाते.

इथल्या उन्हासाठी

रबराला सगळ्यात जास्त मारतं ते उभ्या सायकलीवरचं ऊन. पत्र्याच्या शेडखालची कोंडलेली उष्णताही कमी नाही. जागा नसेल तर निदान दोन्ही लिव्हरवर जुन्या सुती कापडाच्या पिशव्या अडकवा. दिसायला गबाळं, पण काम होतं. लांबच्या फेरीनंतर घाम आणि धूळ ओल्या फडक्यानं पुसा, नुसत्या पाण्यानं. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारे फवारे लावू नका, हात घसरतो. जादा जोडी घेऊन ठेवली असेल तर टाल्कम पावडर भुरभुरून, हवाबंद पिशवीत, कपाटात खाली. आणि ठिणग्या पडणाऱ्या विजेच्या मोटारीजवळ नको, त्या ठिणग्यांतून ओझोन निघतो.

पार्सल यायला उशीर असेल तर तोवर जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हरच्या बॉडीवर ताणून गुंडाळा, शेवट टेपनं बांधा. केबलच्या तोंडाशी आणि पात्याच्या खिळीशी तेवढी मोकळीक ठेवा.

पहिली चक्कर सपाट रस्त्यावर मारा, घाटात नाही. नवी इनर आणि आऊटरची टोकं पहिल्या काही दिवसांत बसतात, त्यामुळे लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जायला लागते. ब्रेकवर तारेचा ताण वाढवणारा स्क्रू असेल तर तो थोडा बाहेर काढा, नसेल तर नट ढिला करून इनर दोन-तीन मिलिमीटर ओढून परत आवळा, आणि मग खुशाल खुलताबादकडे निघा.